रशियातली कम्युनिस्ट हुकूमशाही (१९१७ ते १९५३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेनिनच्या बोल्शेव्हिक पक्षाने सत्ता घेतली तिथपासून स्टालिनच्या मृत्यूपर्यंतचा काळ इथे घेतला आहे. मार्क्स बरोबर होता की चूक, यावर वाद घालायला जागा पुष्कळ आहेत. इथे भर आहे तो यंत्रणेवर: हुकूम कुणी काढला, तो गावापर्यंत कसा पोचला, यादीत नाव कसं चढलं आणि शिधा कसा ठरला. ही हुकूमशाही बंदुकीच्या जोरावर आली हे खरंच, पण ती टिकली कचेरीतल्या कागदावर.

ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नोव्हेंबरमध्ये कसा?

रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, आपल्या आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १३ दिवस मागे. त्यामुळे तिथला २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. १९१८ साली ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली आणि हा घोळ संपला. खाली त्याआधीच्या तारखा जुन्या पद्धतीने दिल्या आहेत. दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या तर आधी १३ मिळवून पाहा, बहुतेक वेळा हिशेब जुळतो.

झारला बोल्शेव्हिकांनीच खाली खेचलं ना?

नाही. परीक्षेच्या गाइडांतही हा गैरसमज सर्रास सापडतो. झार निकोलस दुसरा गेला तो फेब्रुवारी क्रांतीत. २३ फेब्रुवारी १९१७ ला महिला दिनी राजधानी पेत्रोग्रादमध्ये पावाच्या रांगांना कंटाळलेल्या बायका आणि गिरणी कामगारणी रस्त्यावर आल्या, चार दिवसांत शहरातली पलटण फुटली आणि २ मार्चला झारने गादी सोडली. लेनिन तेव्हा झ्युरिकमध्ये होता. पक्षाच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे बोल्शेव्हिकांचे सभासद होते सुमारे २४,०००.

झारच्या जागी हंगामी सरकार आलं आणि त्याच शहरात कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची सोव्हिएत, म्हणजे परिषद, तीही बसली. सोव्हिएतच्या 'हुकूम क्रमांक १' ने सैनिकांना सांगितलं की सरकारचा आदेश सोव्हिएतच्या निर्णयाविरुद्ध नसेल तरच पाळा. म्हणजे खुर्ची एकाकडे आणि सैनिक दुसऱ्याकडे. पुढचे आठ महिने याच फटीत घडले.

आठ महिन्यांत एवढासा पक्ष सत्तेवर कसा पोचला?

हंगामी सरकारने तीन प्रश्न लांबणीवर टाकले: युद्ध थांबवणं, जमीनवाटप आणि संविधान सभेची निवडणूक. लेनिन एप्रिलमध्ये परतला आणि त्याने या सरकारला कसलाही पाठिंबा देऊ नका, सगळी सत्ता सोव्हिएतांकडे द्या, अशी भूमिका घेतली. त्याच्याच पक्षातल्या अनेकांना ती अतिरेकी वाटली होती. जूनमधली लष्करी चढाई फसली, सैनिक खंदक सोडून गावाकडे निघाले आणि शेतकरी जमीनदारांच्या जमिनी आपापल्या ताब्यात घेऊ लागले.

निर्णायक वळण ऑगस्टमधलं. सरसेनापती कोर्निलॉव्हने राजधानीकडे फौज वळवली. पंतप्रधान केरेन्स्कीला शहर वाचवायला कामगारांचीच मदत घ्यावी लागली आणि त्यांच्या हाती शस्त्रं आली. रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्या, बंड विरून गेलं, शस्त्रं मात्र परत झाली नाहीत. सप्टेंबरपर्यंत पेत्रोग्राद आणि मॉस्को दोन्हीकडच्या सोव्हिएतांत बोल्शेव्हिकांचं बहुमत झालं होतं.

लेनिन जर्मनीचा हस्तक होता का?

जर्मनीने त्याला स्वित्झर्लंडहून आपल्या हद्दीतून जाऊ दिलं आणि रशिया पोखरण्यासाठी पैसाही ओतला. पण लेनिनचे बेत त्याचे स्वतःचे होते. दोघांनी एकमेकांचा वापर केला, एवढंच.

२५ ऑक्टोबरच्या रात्री नेमकं काय झालं?

सिनेमात दाखवतात तसा महालावरचा प्रचंड हल्ला झाला नाही. बोल्शेव्हिक नेता ट्रॉट्स्की याच्या देखरेखीखाली सोव्हिएतच्या लष्करी क्रांतिकारी समितीने एक दिवस आधीपासूनच पूल, स्टेशनं, तारघर, टेलिफोन एक्स्चेंज आणि सरकारी बँक ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. केरेन्स्की सकाळीच मोटारीने शहराबाहेर पडला. हिवाळी महालाच्या राखणीला लष्करी विद्यार्थी आणि महिला पलटणीची एक तुकडी उरली होती. 'अरोरा' या युद्धनौकेने कोरा बार उडवला आणि पहाटे दोनच्या सुमारास मंत्र्यांना अटक झाली. शहरात ट्रॅम चालू होत्या.

त्याच वेळी स्मोल्नी या इमारतीमध्ये सोव्हिएतांची दुसरी काँग्रेस भरली होती. निषेध म्हणून मेन्शेव्हिक आणि समाजवादी क्रांतिकारक या दुसऱ्या डाव्या पक्षांचा मोठा गट सभात्याग करून गेला. तत्त्व म्हणून ठीक, पण डावपेच म्हणून घोडचूक, कारण सभागृह बोल्शेव्हिकांना मोकळं मिळालं. दुसऱ्या रात्री शांततेचा आणि जमिनीचा असे दोन हुकूम मंजूर झाले. जमिनीचा कार्यक्रम समाजवादी क्रांतिकारकांकडून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता.

लोकांनी त्यांना निवडून दिलं होतं का?

निवडणूक झाली आणि ते हरले. नोव्हेंबर १९१७ मध्ये संविधान सभेसाठी चार कोटींहून अधिक मतं पडली. समाजवादी क्रांतिकारकांना सुमारे ४० टक्के, बोल्शेव्हिकांना सुमारे २४ टक्के. मात्र पेत्रोग्राद, मॉस्को आणि जवळच्या आघाड्यांवरच्या फौजेत बोल्शेव्हिक पुढे होते. म्हणजे देशात अल्पमत, पण जिथे सत्तेचा निकाल लागायचा तिथे जोर.

५ जानेवारी १९१८ ला तावरिद महालात सभा भरली. तिच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पहाटे पहारेकऱ्यांचा म्होरक्या झेलेझ्न्याकॉव्ह अध्यक्षांना म्हणाला की पहारेकरी थकले आहेत, सभागृह रिकामं करा. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं. तेरा तासांच्या आसपास चाललेली ती एकमेव बैठक.

हुकूमशाही स्टालिनने आणली, लेनिनचा मार्ग वेगळा होता, हे खरं का?

तारखा लावून पाहा. विरोधी वृत्तपत्रं बंद करायचा हुकूम २७ ऑक्टोबर १९१७, सत्ता घेतल्यावर दोन दिवसांनी. झेर्झिन्स्कीच्या हाताखाली चेका, म्हणजे राजकीय पोलीस, ७ डिसेंबर १९१७. लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर 'लाल दहशती'चा हुकूम ५ सप्टेंबर १९१८. पक्षांतर्गत गटबाजीवर बंदी मार्च १९२१ च्या दहाव्या काँग्रेसमध्ये. स्टालिन सरचिटणीस झाला एप्रिल १९२२ मध्ये. अवजारं त्याला तयारच मिळाली.

तरीही दोघांत फरक होता. लेनिनच्या हयातीत पक्षाच्या बैठकीत त्याच्याविरुद्ध मत देणारा माणूस घरी परत जात असे. जर्मनीशी झालेल्या ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहावरून (३ मार्च १९१८) पक्षाचाच नेता बुखारिन याने उघड विरोध केला आणि तरी तो नेतृत्वात राहिला. १९३७ मध्ये अशा माणसाचं काय होत असे ते पुढे आलंच आहे.

यादवी युद्ध ते जिंकले कसे?

नकाशा पाहिला की बरंच उत्तर मिळतं. मध्य रशिया, मॉस्कोतून फुटणारे लोहमार्ग आणि जुने शस्त्रकारखाने बोल्शेव्हिकांच्या लाल सेनेकडे होते, तर विरोधी 'श्वेत' सेनापती विखुरलेले: कोल्चाक सायबेरियात, डेनिकिन दक्षिणेत, युडेनिच बाल्टिककडे. ट्रॉट्स्कीने झारच्या सैन्यातले हजारो अधिकारी भरती केले, प्रत्येकावर एक राजकीय कमिसार बसवला आणि फितुरी झाल्यास कुटुंब धरलं जाईल अशी तजवीज केली. १९२० पर्यंत लाल सेना ५० लाखांवर गेली. शिवाय 'श्वेत' सेना आली की मागून जमीनदार येईल ही शेतकऱ्याला धास्ती. त्याला लाल सेनेचंही प्रेम नव्हतं, कारण जानेवारी १९१९ पासून 'जादा' धान्य सक्तीने उचललं जात होतं.

१९२१ मध्ये सरकारने माघार का घेतली?

धान्य हिसकावलं जातं म्हटल्यावर शेतकऱ्याने पेरा कमी केला. ताम्बोवमध्ये उठाव झाला. मार्च १९२१ मध्ये पेत्रोग्रादजवळच्या क्रोनश्टाट या आरमारी तळाच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या मोकळ्या निवडणुका मागितल्या. हे १९१७ चेच क्रांतीचे खंदे पाईक. गोठलेल्या समुद्रावरून फौज पाठवून त्यांना चिरडलं आणि त्याच आठवड्यांत नवं आर्थिक धोरण मंजूर केलं: जप्तीऐवजी ठरावीक धान्यसारा, उरलेलं बाजारात विका. आर्थिक दोरी सैल झाली, राजकीय दोरी आणखी आवळली. व्होल्गाकाठच्या दुष्काळाला मात्र हे उशिराचं शहाणपण पुरलं नाही. १९२१–२२ मध्ये सुमारे ५० लाख माणसं गेली.

स्टालिन ट्रॉट्स्कीपेक्षा वरचढ कसा ठरला?

बदल्या आणि नेमणुकांमुळे. सरचिटणीसपद तेव्हा कारकुनी समजलं जाई. पण सचिवालय जिल्हा चिटणीस नेमत असे, जिल्हा चिटणीस काँग्रेसचे प्रतिनिधी ठरवत असे, प्रतिनिधी मध्यवर्ती समिती निवडत आणि ती समिती सरचिटणिसाला कायम करत असे. आपल्या सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९२३ पासून महत्त्वाच्या पदांच्या आणि त्यावर बसण्यालायक माणसांच्या याद्या ठेवल्या जाऊ लागल्या. १९२४ च्या 'लेनिन भरती'त दोन लाखांहून अधिक नवे सभासद आले, ज्यांना जुने वाद ठाऊक नव्हते आणि नोकरी हवी होती.

स्टालिनला या पदावरून हलवा, असं लेनिनने जानेवारी १९२३ च्या टिपणात लिहून ठेवलं होतं. मे १९२४ मध्ये ते प्रतिनिधींना गटागटाने वाचून दाखवलं आणि ठेवून दिलं. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या पक्षातल्या ज्येष्ठ नेत्यांनी स्टालिनला सांभाळून घेतलं, कारण त्यांना भीती ट्रॉट्स्कीची होती. १९३६ मध्ये दोघांनाही गोळी घातली गेली.

सामुदायिक शेती सक्तीने कशी लादली?

१९२७–२८ च्या हंगामात सरकारी भाव पडेल होता म्हणून शेतकऱ्यांनी धान्य रोखलं. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन स्वतः सायबेरियाला गेला आणि साठेबाजीचं फौजदारी कलम लावून धान्य काढायला लावलं. ३० जानेवारी १९३० ला 'कुलाक' म्हणजे सधन शेतकरी संपवण्याचा गुप्त ठराव झाला. त्यात तीन वर्ग होते: पहिल्याला छावणी किंवा गोळी, दुसऱ्याची कुटुंबासकट उत्तरेला किंवा सायबेरियाला हद्दपारी, तिसऱ्याची जिल्ह्यातच पडीक जमिनीवर रवानगी. प्रत्येक भागात साधारण ३ ते ५ टक्के घरं, असं प्रमाणही ठरवून दिलं.

गोम इथेच होती. गावात इतके श्रीमंत नसले तरी आकडा भरायचाच. मग दोन गायी, पत्र्याचं छप्पर, सुगीला ठेवलेला एखादा गडी, एवढ्यावर माणूस कुलाक ठरे. हेही जुळत नसेल तर 'कुलाकांचा साथीदार' असा शिक्का तयार होता. १९३०–३१ मध्ये सुमारे १८ लाख माणसं हद्दपार झाली.

बाकीच्यांनी कोल्खोजमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतात, नेण्याआधी गुरं कापली. सामुदायिक गोठ्यात फुकट देण्यापेक्षा आज खाल्लेली बरी, हा हिशेब. काही वर्षांत देशातली घोडी आणि गुरं निम्म्यावर आली आणि नांगराला ओढणारं जनावर उरलं नाही. २ मार्च १९३० ला पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात स्टालिनने खालच्या कार्यकर्त्यांना यशाची धुंदी चढल्याचं लिहून त्यांच्यावर खापर फोडलं. लोक कोल्खोजमधून भराभर बाहेर पडले, अर्ध्याहून जास्त असलेलं प्रमाण उन्हाळ्यापर्यंत एक चतुर्थांशाच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी कर वाढवून त्यांना पुन्हा आत आणलं.

कोल्खोजमध्ये मजुरी कशी मिळत असे?

रोखीने नाही आणि महिन्याला तर नाहीच. हिशेब 'त्रुदोदेन', म्हणजे 'कामाचा दिवस', या एककात. हलक्या कामाच्या दिवसाला अर्धा, ट्रॅक्टर वा तज्ज्ञ कामाला दोन किंवा थोडे जास्त. वर्षाअखेर वाटणी व्हायची, पण क्रमाने: आधी सरकारची सक्तीची वसुली (भाव नाममात्र), मग ट्रॅक्टर केंद्राचं धान्यरूपी भाडं, मग बियाणं आणि चारा, आणि तळाला जे उरेल ते एकूण त्रुदोदेनांनी भागून. पीक बुडालं तर सरकारचा वाटा तसाच राही, शेतकऱ्याचा शून्यावर येई.

घर चालायचं ते परसातल्या तुकड्यावर. १९३५ च्या नमुना नियमांनी साधारण पाव ते अर्धा हेक्टर आणि एक गाय ठेवायला मुभा दिली. त्या परसावरही दूध, मांस, अंडी यांची वसुली होतीच. १९३९ पासून वर्षाला किमान ६० ते १०० त्रुदोदेन भरणं सक्तीचं झालं, नाहीतर परसाचा तुकडा जाण्याची भीती.

१९३२–३३ चा दुष्काळ नैसर्गिक होता का?

पीक कमी आलं होतं, पण इतकी माणसं मेली ती वसुलीमुळे. उद्दिष्टं आधीच्या चांगल्या हंगामावर बेतलेली. निर्यात कमी झाली, पण थांबली नाही. १९३१ मध्ये सुमारे ५० लाख टन धान्य बाहेर गेलं, १९३२ मध्ये सुमारे १७ लाख टन, आणि माणसं मरत होती त्या १९३३ मध्येही जवळपास तेवढंच. यंत्रसामग्रीचे पैसे त्यातून भागायचे.

पायरीपायरीने काय झालं ते असं. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने कोल्खोजच्या मालाची चोरी म्हणजे गोळी किंवा दहा वर्षं. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणारेही त्यात सापडले. नोव्हेंबरपासून युक्रेनमध्ये उद्दिष्ट न भरणाऱ्या गावांना काळ्या यादीत टाकलं: दुकानातला माल उचलून न्यायचा, नवा येऊ द्यायचा नाही, शिवाय दंड म्हणून पंधरा महिन्यांच्या वसुलीइतकं मांस एकदम घ्यायचं. म्हणजे घरातली शेवटची गायही गेली. पथकं चुली आणि जमीन उकरून पाहत. २२ जानेवारी १९३३ ला स्टालिन आणि पंतप्रधान मोलोटॉव्ह यांच्या सहीचा आदेश निघाला की युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या कुबानच्या शेतकऱ्यांना बाहेर पडू देऊ नका. दीडेक महिन्यात सुमारे २ लाख १९ हजार लोक पकडले, त्यातल्या सुमारे १ लाख ८६ हजारांना उपाशी गावांकडे परत धाडलं.

त्याच काळात शहरांत टॉर्गसिनची, म्हणजे सोन्याचांदीच्या बदल्यात माल देणारी सरकारी, दुकानं उघडी होती. लग्नातली अंगठी, चांदीचे चमचे, गळ्यातला क्रॉस द्या आणि पीठ घ्या. पीठ होतं, हे त्यावरूनच कळतं.

बळींचे अंदाज देशभरात मिळून ५० ते ७० लाख, त्यात युक्रेनमधले ३५ लाखांच्या वर. कझाकस्तानात भटक्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवलं आणि जनावरं घेतली, तिथे १५ लाखांच्या आसपास लोक गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात हा घाव सर्वात खोल, आणि चर्चा सर्वात कमी. युक्रेनमधला दुष्काळ वांशिक संहार होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. वसुली जाणूनबुजून चालू ठेवली आणि वाटा अडवल्या, याबद्दल कागदपत्रांनंतर वादाला फारशी जागा नाही.

लोक गाव सोडून शहरात का गेले नाहीत?

२७ डिसेंबर १९३२ पासून देशांतर्गत पासपोर्ट आला. शहरवासीयाला मिळाला, कोल्खोजच्या शेतकऱ्याला सर्वसाधारणपणे नाही. पासपोर्टाविना शहरात नोंदणी नाही आणि नोंदणीविना नोकरी नाही. ही भेदरेषा मोडण्याचा निर्णय झाला १९७४ मध्ये.

पण पंचवार्षिक योजनांनी देश उभा केला ना?

पोलाद, कोळसा, वीज झपाट्याने वाढली हे खरं. मॅग्निटोगॉर्स्क हे पोलादनगर ओसाड माळावर उभं राहिलं, नीपर नदीवरचं धरण १९३२ मध्ये सुरू झालं. बिघाड मोजमापात होता. उद्दिष्ट टनांत असलं की कारखाना जड माल काढायचा, नगांत असलं की हलका. ३१ ऑगस्ट १९३५ ला खाणकामगार स्ताखानॉव्हने एका पाळीत ७ टनांच्या ठिकाणी १०२ टन कोळसा काढल्याचं जाहीर झालं. खाणीच्या छताला टेकू देण्याचं काम इतर खाणकामगार करत होते, हिशेब एकाच्या नावावर लागला. त्यानंतर सगळ्यांचंच कामाचं माप वाढवलं गेलं. श्वेतसमुद्र कालवा (१९३१–३३) कैद्यांनी फावडे, कुदळ आणि ढकलगाड्यांनी खणला आणि तो मोठ्या जहाजांना पुरेल इतका खोल झाला नाही.

निवडणुका होत होत्या, मग हुकूमशाही कशी?

१२ डिसेंबर १९३७ ची निवडणूक पाहा. मतपत्रिकेवर एकच नाव. पसंत असेल तर कागद तसाच घडी करून पेटीत टाका. नापसंत असेल तर पडद्याआड जाऊन नाव खोडा. आडोशाला कोण गेलं हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला दिसे. मतदान ९६ टक्क्यांहून अधिक झालं.

१९३७ च्या महादहशतीत माणसं कशी निवडली?

लेनिनग्राडचा, म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्रादचा, पक्षप्रमुख किरोव्ह याच्या खुनानंतर (१ डिसेंबर १९३४) त्याच दिवशी कायदा झाला होता: तपास दहा दिवसांत, अपील नाही, शिक्षा तत्काळ. मॉस्कोतले गाजलेले तीन खटले सगळ्यांना माहीत असतात, पण मेलेल्यांत पुढारी मूठभर होते. मोठी कत्तल झाली ती एनकेव्हीडीच्या, म्हणजे राजकीय पोलिसांच्या, आदेश क्रमांक ००४४७ ने.

जुलै १९३७ च्या सुरुवातीला प्रांतोप्रांतीच्या चिटणिसांना तार गेली: पाच दिवसांत आकडे कळवा. ३० जुलैला एनकेव्हीडीप्रमुख येझोव्हच्या सहीने आदेश निघाला. लक्ष्य होते जुने कुलाक, धर्मगुरू, जुन्या पक्षांचे लोक आणि गुन्हेगार. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा म्हणजे ८ ते १० वर्षं छावणी. देशभरात दोन्ही मिळून सुमारे २ लाख ६९ हजार, त्यात गोळीसाठी सुमारे ७६ हजार. मॉस्को प्रांताच्या वाट्याला ५,००० आणि ३०,०००. खर्चाची तरतूदही त्याच कागदात: साडेसात कोटी रूबल, त्यातले अडीच कोटी रेल्वेभाड्याचे.

५ ऑगस्टला काम सुरू झालं. जुन्या हद्दपारांची कार्डं काढायची, उचलायचं, एका 'संघटने'चा कबुलीजबाब घ्यायचा, त्यात आणखी नावं यायची. मग 'त्रोइका', म्हणजे एनकेव्हीडीचा प्रमुख, पक्षाचा चिटणीस आणि सरकारी वकील, आरोपीला न पाहताच यादीवर निकाल देत. एका बैठकीत शेकडो. वकील नाही, अपील नाही. बहुतेकांना शिक्षा काय झाली हे मारण्याच्या जागी नेईपर्यंत कळत नसे. मॉस्कोजवळच्या बुतोवोच्या मैदानात चौदा महिन्यांत २०,००० हून अधिक माणसं पुरली.

चार महिन्यांचं काम सव्वा वर्ष चाललं, कारण प्रांतांनीच वाढीव कोटा मागितला. कमी पकडले तर आपणच शत्रूला पाठीशी घालतो असं दिसेल, ही भीती. अखेरीस या एका आदेशाखाली सुमारे ३ लाख ८७ हजार जणांना गोळी घातली गेली. पोलिश, जर्मन वगैरे वंशाच्या लोकांसाठी वेगळे आदेश होते. १७ नोव्हेंबर १९३८ ला हे थांबवलं आणि १९४० मध्ये येझोव्हलाच संपवलं.

स्टालिनला हे ठाऊक नव्हतं, असं काहीजण म्हणतात.

वरच्या पदांवरच्या माणसांच्या ३८३ याद्या त्याच्याकडे मंजुरीला गेल्या होत्या, त्यांत ४० हजारांवर नावं. १९३७ पासून मारहाणीला केंद्रीय समितीची परवानगी आहे, हे जानेवारी १९३९ च्या त्याच्याच तारेत लिहिलेलं आहे. जुने क्रांतिकारक भर न्यायालयात अविश्वसनीय गुन्हे का कबूल करत, याचं बरंचसं उत्तरही त्या तारेत आहे. बाकीचं उत्तर म्हणजे बायकामुलांना धरण्याची धमकी.

गुलाग, म्हणजे सक्तमजुरीच्या, छावण्यांत माणसं मरत कशाने?

भूक आणि थंडीने, आणि भूक कामाला जोडलेली होती. माप पूर्ण केलं तर पुरेसा पाव, नाही केलं तर दंडाचा शिधा, ४०० ग्रॅमच्या आसपास. अशक्त माणूस आज कमी लाकूड तोडतो, उद्या कमी खातो, परवा आणखी कमी तोडतो. जगायचा एक मार्ग म्हणजे 'तुफ्ता': खोटं काम दाखवणं, जुन्या ओंडक्यांची टोकं कापून नवे म्हणून मोजून देणं. मोजणारा कैदी मुकादम असेल तर जमायचं. १९३० ते १९५३ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख लोक या छावण्या-वसाहतींतून गेले. नोंदलेले मृत्यू १६ लाखांच्या आसपास, पण मरणासन्न कैद्याला सोडून देऊन आकडा आटोक्यात ठेवण्याची पद्धत होती, हे ध्यानात ठेवावं.

एकूण किती बळी? कुणी २ कोटी सांगतं, कुणी ७ लाख.

दोन्ही आकडे कशाचे ते आधी विचारा. १९३७–३८ मध्ये राजकीय कारणाने गोळी घातलेल्यांचा सरकारी गोषवारा ६,८१,६९२ आहे, तो १९५३ च्या डिसेंबरमध्ये गृहखात्याने काढला. त्यात दुष्काळ नाही, छावणीतले मृत्यू नाहीत, हद्दपारीतले नाहीत. मोठ्या आकड्यांत हे सगळं येतं, आणि शीतयुद्धातल्या काही लेखनात युद्धातले बळीही मिसळलेले असतात.

खुद्द सरकारने मोजलं तेव्हाही उत्तर आवडलं नाही. स्टालिनने १९३४ मध्ये लोकसंख्या १६ कोटी ८० लाख सांगितली होती, जानेवारी १९३७ च्या जनगणनेत १६ कोटी २० लाख भरली. जनगणना रद्द, अधिकारी अटकेत.

हिटलरला हरवलं, त्याचं श्रेय?

सोव्हिएत जनतेचं, सुमारे २ कोटी ७० लाख जीव देऊन. पण १९३७–३९ मध्ये पाचपैकी तीन मार्शल संपवलेले आणि २२ जून १९४१ पूर्वीचे हल्ल्याचे इशारे झिडकारलेले, हा खर्च स्टालिनच्या खात्यावर. युद्ध चालू असतानाच फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमारे ५ लाख चेचेन-इंगुश आणि मे महिन्यात सुमारे १ लाख ९० हजार क्रिमियन तातार मालगाड्यांतून मध्य आशियाकडे पाठवले गेले.

या दहशतीत भारतीय सापडले का? महाराष्ट्राला याची कल्पना होती का?

सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडमध्ये संशोधन करत होते. जुलै १९३७ मध्ये अटक, २ सप्टेंबरला गोळी. भारतीय कम्युनिस्ट अबनी मुखर्जीही त्याच वर्षी गेले. १९२१ मध्ये चट्टोपाध्यायांच्या गटाबरोबर मॉस्कोला गेलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथून बाहेर पडले आणि मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. राहिले असते तर काय, याचा अंदाज बांधता येतो.

इथे पोचत होती ती दुसरीच बाजू. अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा गिरणगावात गाजला, मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तकं घरोघरी आली. पोवाड्यातलं शौर्य खरं होतं. त्रोइकांचे कागद मात्र तेव्हा कुलुपात होते.

स्टालिन मेल्यावर काय बदललं?

१ मार्च १९५३ ला तो कोसळलेला सापडला, ५ तारखेला मेला. त्याचे नेहमीचे काही डॉक्टर तेव्हा विषप्रयोगाच्या बनावट आरोपाखाली कोठडीत होते. तीन आठवड्यांत माफी जाहीर होऊन सुमारे १२ लाख कैदी सुटले, पण बहुतेक किरकोळ गुन्ह्यांचे. राजकीय कैद्यांना आणखी वाट पाहावी लागली. २५ फेब्रुवारी १९५६ ला पक्षाचा नवा प्रमुख ख्रुश्चॉव्ह याने बंद दाराआड स्टालिनविरोधी भाषण केलं. १९३४ च्या काँग्रेसच्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक झाली होती, हा आकडा त्यातलाच. सामान्य शेतकऱ्यांबद्दल त्यात जवळजवळ काही नव्हतं. ते भाषण देशात छापलं गेलं १९८९ मध्ये. एकपक्षीय सत्ता मात्र तशीच राहिली.

जुने खटले आज पाहता येतात का? पाहताना काय सांभाळावं?

रशियात १८ ऑक्टोबर १९९१ च्या पुनर्वसन कायद्याने वारसांना फाइल पाहण्याचा हक्क दिला. नावांची मोठी सूची बनवणारी 'मेमोरियल' संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने बरखास्त केली. युक्रेनने २०१५ च्या कायद्याने केजीबीचे जुने संग्रह खुले केले, तिथलं काम तुलनेने सोपं आहे.

फाइल सहसा पातळ असते: अटकेचा हुकूम, झडतीची यादी, कौटुंबिक माहितीचा तक्ता, एक-दोन जबाब, आरोपपत्र, त्रोइकाच्या निकालाचा उतारा आणि शिक्षा अमलात आणल्याची चिठ्ठी. जबाब वाचताना सही पाहा. सुरुवातीची ठळक सही शेवटच्या पानावर वेडीवाकडी झालेली असू शकते. मृत्यूच्या दाखल्यावर तर डोळे झाकून विश्वास नकोच. आधी घरच्यांना 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षं' एवढंच सांगत, आणि माणूस तोवर मेलेला असे. १९५५ च्या केजीबीच्या सूचनेनुसार कुटुंबांना न्यूमोनिया किंवा हृदयविकार अशी खोटी कारणं आणि युद्धकाळातल्या खोट्या तारखा दिल्या गेल्या. आजोबांची अटक १९३७ ची आणि दाखला १९४२ किंवा १९४३ चा असेल, तर तो बाजूला ठेवून फाइलच्या शेवटी लावलेली चिठ्ठी शोधावी. खरी तारीख तिच्यावर असते.